बालवीरांच्या हिवाळी वनकौशल्य-स्पर्धा

बालवीरांच्या हिवाळी वनकौशल्य-स्पर्धा : थंडीच्या दिवसांत उघड्यावर मुक्काम करून अग्नी पेटविणे, अन्न शिजविणे, निवारा उभारणे, दिशा ओळखणे, माग काढणे, प्रथमोपचार करणे इ. कौशल्यांत बालवीरांच्या (स्काउट) व वीरबालांच्या (गाइड) संघांची कसोटी पाहणाऱ्या उपक्रमांस ही संज्ञा लावता येईल. शीत कटिबंधातील देशांत या स्पर्धा बर्फावर होतात व थंडीपासून स्वतःचे रक्षण करणे हाच त्यांतील मुख्य विषय असतो. भारतात हिमालयाचा प्रदेश सोडल्यास बर्फ नाही. परंतु पावसाळा व कडक उन्हाळा यांमधील कोरडा हिवाळा हाच येथे उघड्यावर राहण्याचा काळ असल्याने बालवीरांची बहुतेक शिबिरे व मेळावे याच ऋतूत भरतात. विदर्भाच्या पूर्व भागातील भंडारा जिल्हा हे या भारतीय प्रकाराचे एक बोलके उदाहरण आहे. वने, तळी व भातशेती यांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात बालवीर शिक्षणातील बऱ्याचशा कसोट्या ग्रामीण जीवनाचाच भाग होत्या व काही अंशी अजूनही आहेत.

बालवीर चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांची वनकौशल्याची बैठक बरीचशी भारतात घडली. १८७६ मध्ये ते १३ व्या हुसार्स पलटणीत दाखल होऊन भारतात आले. पुढे १८९७ पासून मीरत येथे ५ व्या ड्रॅगून गार्ड्सचे नेतृत्व करीत असताना त्यांनी सैनिकांच्या लहान लहान तुकड्या करून त्यांना टेहळणी, माग काढणे व स्वतःच्या जबाबदारीवर वावरणे शिकविले. या अनुभवावर आधारलेले त्यांचे एड्स टू स्काउटिंग हे सैनिकी पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅफकिंगच्या वेढ्यानंतर (१८९९–१९००) त्यांचे नाव घरोघरी झाले आणि मूळचे सैनिकांसाठी असलेले हे पुस्तक इंग्लंडमधील मुले वाचू लागली. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर सु. वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेऊन त्यांनी ही पद्धत मुलांसाठी तपासून पाहिली. १९०८ मध्ये स्काउटिंग फॉर बॉइज हा ग्रंथ पाक्षिक भागांत निघाला. ब्राउनसीचे शिबिर भर उन्हाळ्यातील होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. हिवाळी उपक्रमांची परंपरा नंतरची आणि ती मुख्यतः उत्तर अमेरिका व उत्तर यूरोप येथील पथकांनी आपापल्या हवामानानुसार घडविली.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे अमेरिकेतील ‘क्लोंडाइक डर्बी’ होय. कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात १८९६–९९ च्या सुमारास सोन्याच्या शोधार्थ झालेल्या धावपळीवरून तिचे नाव पडले असून १९४९ पासून ती अमेरिकेत होत आली आहे. प्रत्येक संघ स्वतः तयार केलेली घसरगाडी (स्लेज) बर्फावरून ओढीत नेतो. कुत्र्यांची जागा मुलेच घेतात. वाटेत ठिकठिकाणी ठाणी असतात व त्यांना ‘नगरे’ म्हणतात. प्रत्येक नगरात एक कसोटी असते : ठरावीक उंचीवर बांधलेली दोरी जळेल इतका जाळ करणे, होकायंत्रावरून अंतर व दिशा काढणे, जखमी सोबत्यास घसरगाडीवरून हलविणे, गाठींच्या साहाय्याने ओंडका ओढणे, अशा प्रकारच्या. नगराचा ‘महापौर’ गुण देतो व गुणांना ‘सोन्याचे गोटे’ म्हणतात. नाटक बाजूला ठेवले, तर या स्पर्धेचा गाभा साधा आहे. कसोटी एकट्या मुलाची नसून सहा ते आठ जणांच्या संघाची असते. संघनायकाने कामे कशी वाटली, धाकट्यांना कामात घेतले की नुसते उभे ठेवले, यालाही गुण असतात. बर्फ नसलेल्या प्रदेशात हा गाभा जसाच्या तसा लागू पडतो आणि भारतीय मेळाव्यांतील संघनिहाय मार्गस्पर्धा याच तत्त्वावर चालतात.

भारतातील प्रसार : भारतात पहिले बालवीर पथक १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगलोर येथे काढले. लवकरच खडकी, जबलपूर इ. छावण्यांच्या गावी पथके निघाली. जबलपूर येथेच १९११ मध्ये देशातील पहिली गाइड कंपनी स्थापन झाली. प्रारंभी ही पथके यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींपुरती होती. ज्या देशाच्या रानात या विद्येचा मोठा भाग शिकला गेला, त्याच देशाच्या मुलांना ती नाकारली गेली, ही विसंगती भारतीय नेत्यांच्या नजरेतून सुटली नाही. श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहानपूर येथे भारतीय मुलांचे पथक उभारले. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज ॲरंडेल यांच्या सहकार्याने १९१६ मध्ये मद्रास येथे इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशनची स्थापना केली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी १९१८ मध्ये अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट असोसिएशन सुरू केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आल्यावर बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३७ मधील दुसऱ्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी जे शेरे मारले, त्यांमुळे अनेक भारतीय बालवीर व कार्यकर्ते बाहेर पडले व १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था निर्माण झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड संघटनाही तीत सामील झाली.

भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात, नागपूर विभागात होता. प्रांतातील चळवळीची घडी बसविण्यात नागपूरचे विधिज्ञ व पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३) यांचा वाटा मोठा होता. ते १९२१ ते १९३४ या काळात बॉय स्काउट संघटनेचे मानद प्रांतिक सचिव व त्यानंतर १९३७ पर्यंत प्रांतिक आयुक्त होते. स्वातंत्र्योत्तर काळात भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय आयुक्तपदही त्यांनी भूषविले. १९५६ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यातील पचमढी येथे सुरू झाले. सु. १,००० मी. उंचीवरील या ठिकाणी हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते व मध्य भारतातील स्काउट मास्तरांना खऱ्या अर्थाने हिवाळी मुक्कामाचे शिक्षण तेथे मिळते. योगायोगाने त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन पूर्वेकडील तालुक्यांचा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा बनला. त्यामुळे जुन्या भंडारा जिल्ह्यातील नवेगावबांध व नागझिऱ्याचा बराच भाग आज गोंदियात मोडतो.

चळवळीतील लहान मुलांच्या शाखेचे या प्रदेशाशी असलेले नाते निराळेच आहे. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी लहान वयाच्या मुलांसाठी ‘वुल्फ कब’ ही शाखा काढली व तिची सारी रचना रड्यर्ड किपलिंग यांच्या द जंगल बुक (१८९४) या कथासंग्रहावर बेतली. मोगलीच्या कथा घडतात त्या शिवनीच्या डोंगरात व वैनगंगेच्या काठी. हीच वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा शहराजवळून वाहते व पुढे पवनीकडे जाते. किपलिंग यांनी हा भाग स्वतः पाहिला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सिवनीवरील पुस्तकाचा (१८७७) त्यांना आधार मिळाला, असे सामान्यतः मानले जाते. जगभरचे कब शिक्षकाला ‘अकेला’ म्हणून हाक मारतात आणि वैनगंगेकाठच्या शाळांतील कबही तसेच करतात. आपल्याच नदीची गोष्ट त्यांच्यापर्यंत लंडनमार्गे आली, ही बाब अनेकांच्या गावीही नसते.

ऋतू व प्रदेश : स्थापना दिन (७ नोव्हेंबर) व बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस (२२ फेब्रुवारी) हे बालवीर वर्षातील दोन मोठे दिवस असून, भंडाऱ्यातील हिवाळा साधारणपणे या दोहोंमध्ये बसतो. धानाची कापणी नोव्हेंबरात उरकत येते, बांध्या कोरड्या पडतात, पायवाटा खुल्या होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १०°–१२° से.च्या आसपास व थंडीच्या लाटेत त्याहूनही बरेच खाली उतरते. पहाटे वैनगंगेच्या खोऱ्यात व तळ्यांवर धुके असते. दिवसा मात्र ऊन चांगले पडते. थंड देशांतील मुलाला हिमदंशाची भीती असते. येथील मुलाला रात्री दवाने भिजलेले पांघरूण व दिवसा तहान या दोन्हींचा विचार करावा लागतो.

साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह व बांबू यांची वने आणि कोहळी समाजाने गोंड राजवटीपासून बांधलेली शेकडो तळी हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य. तलावांचा जिल्हा म्हणूनच भंडारा ओळखला जातो. तुमसरजवळील अंबागड, गायमुख, चांदपूरचा तलाव, कोका परिसर ही एका दिवसाच्या पदभ्रमणास सोयीची ठिकाणे आहेत. अंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधला. चढ मध्यम असल्याने नवख्या पथकालाही तो झेपतो.

कसोट्या : अग्नी पेटविण्याची कसोटी सर्वांत जुनी. उघड्यावर लाकडे रचून दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता जाळ करणे, ही अट मूळ इंग्रजी अभ्यासक्रमात होती व ती भारतातही टिकली. हिवाळ्यात ही अट दिसते तितकी सोपी नसते. पहाटे गवत, पाचोळा व जमिनीवरील काटक्या दवाने ओल्या असतात. म्हणून जाणता मुलगा जमिनीवरचे सरपण उचलीत नाही, झाडावर अडकलेली वाळकी फांदी किंवा बांबूच्या बेटातील उभा सुकलेला बांबू शोधतो. बांबू तासून काढलेले पातळ पापुद्रे लगेच पेट घेतात. मात्र बांबूची न फोडलेली पेरे जाळात टाकू नयेत. आतील हवा तापून ती फुटतात व ठिणग्या उडतात. आगपेटी दुर्मीळ असलेल्या काळी रानातील लोक चकमकीची ठिणगी सावरीच्या कापसावर धरीत. काही स्काउट मास्तर प्रात्यक्षिक म्हणून ही रीत दाखवितात, ते योग्यच होय.

‘बिनभांड्यांचा स्वयंपाक’ हा महाराष्ट्रातील शिबिरांचा आवडता विषय. इंग्रजी पुस्तकांत यासाठी काडीभोवती गुंडाळून भाजलेली कणीक सांगितलेली असते. विदर्भातील मुलांना तिची गरज नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे व पळसाच्या पानांत लपेटून भाजलेले पानगे ही बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची पूर्ण विकसित अशी स्थानिक रीत आहे. तीत कसब आहे ते जाळ संपून निखारा कधी होतो हे ओळखण्यात. परीक्षकाने घड्याळ लावून घाई केली, की नेमके हेच कसब हरवते : रोडगा वरून करपतो व आत कच्चा राहतो. स्पर्धेतील वेळेच्या बंधनाने कौशल्याची हानी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. हिवाळ्यात ताजी पळसपाने मिळत असल्याने पत्रावळी व द्रोण लावणे हीही संघाची कसोटी होऊ शकते.

निवाऱ्याच्या कसोटीत तंबूपेक्षा अंथरूण महत्त्वाचे. थंडी वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून अधिक लागते, हे नवख्यांस पटत नाही. ते दोन घोंगड्या अंगावर घेतात व खाली काहीच घालीत नाहीत. खळ्यावरून आणलेले भाताचे कोरडे तणस वीतभर जाडीने पसरून त्यावर सतरंजी घातली, तर एका पांघरुणात रात्र निभते. तणसाच्या पोकळ काड्यांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तणस असेल तेथे दिवा वा शेगडी नेऊ नये, हा नियम ओघाने आलाच. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर प्राणघातक ठरते. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही. उष्ण प्रदेशातील हिवाळी शिबिरात खरा धोका गारठ्यापेक्षा गारठा घालविण्याच्या उपायांचा असतो.

दिशाज्ञानाच्या कसोटीस हिवाळ्याचे आकाश अनुकूल असते, परंतु पुस्तकातील सूचना जशाच्या तशा वापरता येत नाहीत. भंडारा सु. २१° उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर, म्हणजे हात ताठ धरून एकावर एक ठेवलेल्या साधारण दोन मुठींइतका वर दिसतो. इंग्लंडमध्ये तो याच्या दुपटीहून अधिक उंच असतो. येथे झाडांच्या आड तो सहज लपतो. सप्तर्षीही या दिवसांत रात्र बरीच वर आल्यावर उगवतात. त्यामुळे संध्याकाळी शर्मिष्ठा किंवा मृग यांचा आधार घ्यावा लागतो. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे, खेड्यातले ‘तिकांडे’, जवळजवळ नेमके पूर्वेस उगवतात व पश्चिमेस मावळतात; मधल्या ताऱ्यापासून मृगाच्या डोक्याकडे काढलेली रेषा पुढे ब्रह्महृदयाजवळून ध्रुवाकडे जाते. पहाटे खळ्यावर जाणाऱ्या शेतकऱ्यास वेळ सांगणारे तारेही हेच.

माग काढण्यासाठी भंडाऱ्यातील तळ्यांचे काठ ही उत्तम शाळा आहे. सिंचनासाठी पाणी सोडल्यावर काठ उघडे पडतात व त्या मऊ चिखलात चितळ, रानडुक्कर, कोल्हा यांची पावले स्वच्छ उमटतात. हिवाळी पाहुणे असलेल्या बदकांची व किनाऱ्यावरील पक्ष्यांचीही. पाऊल कोणाचे, यापेक्षा ते केव्हाचे हे ओळखणे अवघड. पावलाच्या कडा कोसळल्या आहेत का, त्यात दव पडून सुकले आहे का, वरून दुसऱ्या प्राण्याची वाट गेली आहे का, हे पाहावे लागते. निरीक्षणशक्तीसाठी शिबिरात खेळतात तो ‘किमचा खेळ’, चोवीस वस्तू एक मिनिट पाहून त्यांपैकी किमान सोळा आठवणे, हाही किपलिंग यांच्याच किम या कादंबरीतून आलेला. चिखलातील पावलांपुढे तो फिका वाटतो, पण पावसाळी दिवशी वर्गात घेता येतो.

दोरीच्या गाठी (रीफ, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन) व बांबूची बांधणी यांतून संघ आपल्या मुक्कामी मांडण्या, फाटक, ध्वजस्तंभ उभारतो. बांबू मुबलक असल्याने या कामात पूर्व विदर्भातील पथकांना कमतरता पडत नाही.

बदललेली परिस्थिती : गेल्या अर्धशतकात या कसोट्यांची जागा बदलली आहे. राखीव वनात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मुळातच बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यातील प्रवेश व मुक्काम परवान्याखाली आणले. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य व नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये कोका अभयारण्य व नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम धरला जातो. वाघ व बिबट्या यांचा वावर असलेल्या भागात मुलांना रात्री उघड्यावर ठेवण्याची जबाबदारी घेण्यास शिक्षक धजत नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. परिणामी तृतीय सोपान वा राज्य पुरस्काराची शिबिरे बहुधा शाळेच्या आवारात व मैदानावर भरतात. शेकोटी मैदानाच्या मध्यभागी पेटते, मार्गखुणा आवाराच्या भिंतीलगत मांडल्या जातात.

यात काही गमावले हे खरे. सगळेच गमावले असे नाही. अग्नीविना मुक्काम, पूर्वी लावलेली चूल विझवून राख थंड झाल्याची हाताने खात्री करणे, जाळपट्टा कसा आखतात हे वनरक्षकाकडून समजून घेणे, यांना कसोटीचे स्थान देता येते. जाळ करण्याइतकेच तो विझविण्याला गुण असावेत, ही सूचना जुन्या इंग्रजी पुस्तकांतही आहे. अंमल मात्र क्वचित होतो.

अधिक गंभीर आक्षेप दुसराच आहे. शालान्त परीक्षेतील सवलतीचे गुण मिळवून देणाऱ्या प्रमाणपत्रासाठी ही कौशल्ये तीन-चार दिवसांत उरकली जातात, तर तीच कौशल्ये ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्या गोंड व ढिवर मुलांच्या ज्ञानाची नोंद कोणत्याच पदकात होत नाही. गणवेशाचा खर्च न झेपल्यामुळे त्यांतील पुष्कळशी मुले पथकात येतच नाहीत. ढिवर मुलाला तळ्याच्या पाण्याची खोली व माशांच्या जागा, गोंड मुलाला कोणते लाकूड धूर न करता जळते व कोणते कंद खाण्याजोगे, हे शिबिरातील प्रशिक्षकाहून अनेकदा अधिक ठाऊक असते. नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी स्थानिकांकडून पक्षी, झाडे व तळी यांविषयी जे शिकून घेतले, ते त्यांच्या नवेगावबांधचे दिवस या पुस्तकामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. बालवीर पथकांना हा मार्ग मोकळा आहे. बेडन-पॉवेल यांनीही आपली बरीचशी विद्या आफ्रिकेतील झुलू व माताबेले वाटाड्यांकडून आणि भारतीय शिकाऱ्यांकडून घेतली होती. काही ठिकाणी गावातील जाणत्या माणसाला परीक्षक म्हणून बसविण्याचे प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने केले आहेत. अशा ठाण्यावर गुण तोंडी दिले जातात, आणि कागदावर त्यांची नोंद ‘सामान्यज्ञान’ या रकान्यात करावी लागते.